सांकशी ते अवचितगड, हात न उचलता

१९ फेब्रुवारी १९९५, रविवार

पंचांना दाखवायची वही वेगळी. तिच्यात फक्त गडाचं नाव, वेळ आणि साक्षीदाराचा अंगठा. ही वही माझी. हिच्यात मी, दिनानाथ, काय लिहीन ते माझं मी बघेन.

काल सासुरवाडीला जाऊन आलो. रोह्याच्या अलीकडे, अवचितगडाच्या पायथ्याला. सरू संक्रांतीपासून तिथेच आहे. तिचं मनगट मोडलंय. माझ्या हातून मोडलं, मी लपवत नाही. पण कसं मोडलं ते कोणी ऐकूनच घेत नाही. मी जेवत होतो आणि ती मध्येच बोलली, "काल पन तुमी असंच बोलला व्हतात." झालं. ताट बाजूला सरकवलं, बुडाखालचा पाट काढला आणि माझा हात उठला. मी उठवला नाही, उठला. डोळ्यापुढे पांढरं होतं माझ्या, आणि परत दिसायला लागतं तेव्हा समोरचा माणूस खाली पडलेला असतो. सरूला हे ठाऊक आहे. सगळ्यांना तीच सांगायची, "त्यांच्या हातात नाय ते. मानूस वाईट नाय."

अंगणात पंच बसले होते. सासरे हैबतराव बोलले, "दिनानाथ, आमच्या गावात भांडन मिटवायची एक रीत हाय. ज्याची चूक त्याने डोंगर चालायचे. पेणची सांकशी, मग मिरगड, सुरगड, आनि शेवट आमचा अवचितगड. अनवानी. प्रत्येक माथ्यावर एक नारळ ठेवायचा. घरातला एक मानूस साक्षीला चालंल. होळी पेटायच्या आत आलास तर पोरीला नांदायला पाठवू."

मी बोललो, एवढंच ना? आयला, आम्ही मिठागरातली माणसं, आमचे पाय म्हणजे काय चेष्टा आहे!

तेवढ्यात आतून, दाराआडून, सरूचा आवाज आला. "बाबा, माझी पन एक अट हाय. वाटेत कोनावर हात उचलायचा नाय. उचलला तर परत सांकशीपासून. चारी माथे तसे झाले, तर मी काय ते बोलेन."

काय ते बोलेन म्हणजे येईन. दुसरं काय बोलणार?

२२ फेब्रुवारी

आज आगरावर शेठ आला होता. बांध फुटून भरतीचं पाणी दोन वाफ्यांत शिरलं, तयार मीठ विरघळलं. सगळ्या गड्यांच्या देखत त्याने मला आईवरून शिवी दिली. मी मान खाली घालून उभा राहिलो. शेठ आहे तो, काय करणार! गाडी बांधावरून दिसेनाशी झाली तेव्हा ज्याच्याकडे बांध होता त्या गड्याला धरला, आणि फावड्याच्या दांड्याने पाठीत पाच-सहा दिले. खाऱ्या पाण्यात पडला आणि आयोव करून ओरडला. अजून चालायला लागलो नाही, तेव्हा हे काही धरायचं नाही.

आई म्हणते, "चार डोंगर कशाला रं, दुसरी आन. हिची कूस तरी भरली का पाच वर्षांत?" गेल्या भाद्रपदात दिवस होते सरूला. ओट्याच्या पायरीवरून पडली. म्हणजे मी तिचा हात झिडकारला आणि ती पडली. त्यानंतर राहिलंच नाही. आईला यातलं काही माहीत नाही.

मला दुसरी नको. मला सरूच पाहिजे. घरात दिवा लावायला माणूस नाही, आणि मला तिच्या आवाजाची सवय झालीय. आई जेवायला वाढते तेव्हा घास गिळत नाही. हे कोणाला सांगू?

२५ फेब्रुवारी, शनिवार

सांकशी झाली.

साक्षीला सरूचा मामा आलाय, कान्हूमामा. साठीचा असेल. काटक, वीतभर दाढी, बोलणं मोजून. दर्ग्यापासून चढायला लागलो. वरच्या टप्प्यात सरळ कडा आहे, खोदलेल्या खाचांत बोटं घालून चढावं लागतं. मामा पालीसारखा वर गेला. माझी अर्ध्यात तंतरली. आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे मिठाची रास.

आणि पाय! खाऱ्या पाण्याने तळवे दगडासारखे झालेत असं मी छाती काढून सांगत होतो. ते दगडासारखे आहेत खरं, पण दगडासारखेच चिरतात. तापल्या कातळावर टाचांच्या भेगा उघडल्या आणि त्यात खडे शिरले. नारळ ठेवला तिथे माझ्या पायाचं रक्त उमटलं होतं.

मामा बोलला, "दुखतंय?"

मी बोललो, नाय. एवढंच बोलणं झालं दिवसभरात.

२८ फेब्रुवारी

सत्यानाश.

मिरगड झाला. आज सुरगडही झाला. तीन माथे, फक्त अवचितगड राहिला होता. तिकडे वळायच्या आधी पोटात काहीतरी टाकावं म्हणून कोलाडच्या अलीकडे हायवेवरच्या एका खाणावळीत बसलो. बाजूच्या बाकड्यावर एक टेम्पोवाला होता, हितेश नावाचा. त्याने नारळाची पिशवी बघितली, माझे पाय बघितले, आणि मामाला विचारलं कसला नवस म्हणून. मामा खोटं बोलत नाही. सगळं सांगून बसला.

तो टेम्पोवाला हसायला लागला. "बायकोला मारायचं, आणि मग तिच्यासाठी डोंगर चढायचे! चांगला नांदवतोयस बाबा."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग स्टूल उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. पुढचे दोन दात बाकड्यावर पडले. तो खाली गेला तरी मी थांबलो नाही, छातीवर बसून डोकं फरशीवर आपटलं, दोनदा, तीनदा. आवाज अजून कानात आहे. चार माणसांनी ओढून काढलं मला. मालक ओरडत होता, पोलीस बोलवा, पोलीस बोलवा.

बाहेर आलो तेव्हा मामा रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभा होता.

"तो हसला, मामा!"

"व्हय, हसला."

"मग? माझ्या हातात होतं का ते?"

मामाने पिशवी खांद्याला लावली. "मला काय विचारतोस? चल, रोह्याला जाऊ. पेणची गाडी मिळंल. परत सांकशी."

एका माथ्यासाठी! च्यायला, सरूचं घर त्या डोंगराच्या पलीकडे होतं.

५ मार्च, रविवार

काल परत सांकशी, आज मिरगड. या वेळी ठरवलंय की कोणाशी बोलायचंच नाही. खाणावळीत जायचं नाही, मामाने भाकऱ्या बांधून घेतल्यात. पायाला हळद-तेल लावून फडकी गुंडाळलीत, पंचांनी फडक्याला परवानगी दिली.

मामाला आज विचारलं, सरू काय म्हणते? म्हणाला, "कामं करते. डाव्या हातानं भाकऱ्या थापायला शिकली." मला बरं वाटलं. गडबड करायची सवयच नाही तिला, निमूट करते सगळं.

७ मार्च

काय लिहू? लाज वाटते आणि रागही येतो.

मिरगडावरून सुरगड धुरकट दिसतो. गेल्या वेळी मामाने डोंगराच्या धारेने, गावागावातून, वळसे घालत नेलं होतं. दोन दिवस खाल्ले त्यात. मी या वेळी बोललो, हा काय समोर दिसतोय, सरळ जाऊ. आमच्याकडे बांधावर उभं राहिलं की जे दिसतं तिथे सरळ चालत जाता येतं. मध्ये येऊन येऊन काय येणार, एखादा पाण्याचा चर.

मामा बोलला, "डोंगरात समोर दिसतं म्हंजे जवळ नसतं. मधी दऱ्या हायत. धार सोडू नको."

मी ऐकलं नाही. उतरलो खाली. कारवीचं रान माणसाच्या डोक्यावर, अंग सोलून निघालं. मग कोरडा ओढा, त्यात घराएवढे धोंडे. दुपारी ओढा एका कड्यावर जाऊन संपला. खाली बघितलं तर पाच-सहा माड एकावर एक उभे केले तरी पोचणार नाहीत एवढा. डावीकडे कातळ, उजवीकडे कातळ. सुरगड कुठे दिसेना. पाणी सकाळीच संपलं होतं. जीभ टाळूला चिकटली. मामा सगळा वेळ मुकाट मागे चालत होता, एका शब्दाने बोलला नव्हता. कड्यावर आल्यावर तो धोंड्यावर टेकला आणि पाय चोळत म्हणाला, "तुला सांगितला व्हता."

ओरडून बोलला नाही, चिडून नाही, साधं बोलला. तसंच बोलतात त्यांच्या घरातले सगळे.

मी नारळाची पिशवी दगडावर नीट ठेवली, घरंगळून कड्यावरून जायला नको म्हणून. काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. मग पांढरं झालं. पहिला घाव कपाळावर बसला. भुवई फाटली आणि रक्त एकदम डोळ्यात, दाढीत. दुसरा खांद्यावर. तिसरा त्याने हातावर घेतला. म्हातारा ओरडला नाही. कड्यापासून फूटभर अंतरावर कोलमडला, तेव्हा माझी काठी खाली आली.

मीच त्याला ओढून आत घेतलं. मीच सदरा फाडून डोकं बांधलं. मी रडलो, हे लिहून ठेवतो. "मामा, माझ्या हातात नव्हतं," असं मी किती वेळा बोललो असेन. तो एका डोळ्याने पिशवीकडे बघत होता. दगडावर होती तशीच, नीट.

"नारळ शाबूत हायत," एवढंच बोलला.

त्यानेच वाट काढली. आंधळ्यासारखा चाचपडत, ओढ्याने उलट वर, धारेवर. नागोठण्याला डॉक्टरने सहा टाके घातले. डॉक्टरने विचारलं कसं लागलं. मी बोललो पडले. मामा बोलला, "पडलो नाय. यानं मारला." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

१० मार्च

घरी पडून आहे. आज आईने परत दुसरीचा विषय काढला, जिते गावातली कोणी पोरगी आहे म्हणे. मी पाण्याचा हंडा उचलून अंगणात फेकला. आईला लागला नाही.

सहा दिवस राहिले होळीला. मामा काही आता येणार नाही. साक्षीदार नाही म्हणजे चालणं नाही. संपलं.

१२ मार्च, रविवार

मामा आला!

सकाळी सांकशीच्या पायथ्याला दर्ग्यापाशी बसला होता, कपाळाला पट्टी, एक डोळा सुजून बंद. मी नुसता बघायला म्हणून गेलो होतो, आणि हा तिथे. पाय धरले मी त्याचे.

"कशाला आलात, मामा?"

"भाची हाय माजी. तिनं इचारलं मला, मामा, बगशील का? मी बोललो, बगतो."

"काय बघायचंय?"

तो चढायला लागला. मी पोरीसारखा रडत मागून गेलो. सांकशी झाली, सकाळी साडेअकरा.

१३ मार्च

मिरगड. मामाच्या मागे, त्याच्या पावलावर पाऊल. धार सोडली नाही. वाटेत एका कुत्र्याने पिंडरी धरली. काठी मामाकडे दिलीय. कुत्र्यालाही मारलं नाही मी. कुत्रं धरतात का अटीत, कोण जाणे, पण धोका कशाला!

१५ मार्च, बुधवार

बोटं सुजलीत, अक्षर येत नाही. तरी लिहितो, आज लिहिलंच पाहिजे.

सुरगडावर सकाळीच नारळ ठेवला. उतरून खांब गावाच्या अलीकडे हायवे ओलांडत होतो, तोच एक टेम्पो कचकन थांबला. हितेश. पुढचे दात नव्हते. बरोबर दोघे, हातात लोखंडी टॉम्या, चाक खोलायच्या.

"हाच तो नवसवाला," बोलला.

मला रस्त्याच्या खाली ओढलं. पहिला फटका मांडीवर. दुसरा बरगडीत, आत काहीतरी कट्ट झालं. पांढरं व्हायला लागलं डोळ्यापुढे. हितेश एवढा जवळ होता की त्याच्या नरड्यापर्यंत माझा हात सहज गेला असता. आणि मला सरू दिसली. दाराआड. उचलला तर परत सांकशीपासून. होळी उद्या.

बाजूला ऐनाचं झाड होतं. मी त्याला मिठी मारली, बोटांत बोटं घट्ट अडकवली, आणि सोडली नाहीत. त्यांनी पाठीवर मारलं, ढुंगणावर, पोटऱ्यांवर. मग बोटांवर. हितेश बोलला, "मार की रे! त्या दिवशी कसा मारत होतास! उचल हात!" तोंडावर थुंकला. आईवरून बोलला, सरूवरून तर असलं बोलला की लिहवत नाही. माझा एक दात गेला, ओठ दोन ठिकाणी फुटला, ऐनाची साल गालात रुतली. मामा रस्त्यावर उभा राहून ओरडत होता, "मरंल, मरंल तो! अरं, सोडा!" एस.टी. थांबली तेव्हा ते पळाले.

झाडापासून माझी बोटं मामाने एकेक करून सोडवली.

मी हसत होतो. रक्ताच्या चुळा टाकत हसत होतो. "बघितलंत ना मामा? उठला नाय. एकदा पन उठला नाय!"

"व्हय," मामा बोलला. "बगितला."

मला वाटलं तो खूश होईल. त्याने पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होता. म्हातारा दमला असेल.

मी आज जिंकलो. आयुष्यात एवढं काही जिंकलो नव्हतो. राग माझ्या काबूत आला. आता सरूला आयुष्यात कधी बोट लागणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

१६ मार्च, होळी

अवचितगड सकाळी दहाला. बरगडीमुळे श्वास पुरत नव्हता, शेवटचा चढ चौपायावर केला. चौथा नारळ ठेवला. वरून सासऱ्याचं घर दिसलं, अंगणात माणसं, होळीचा माड उभा करायची गडबड.

दुपारी तीनला अंगणात पाय ठेवला. ढोल थांबला. माझं तोंड बघून बायका "अगो बाय" करून मागे सरल्या. पंच बसले. मामाने वही पुढे केली, या फेरीचे चार अंगठे. हैबतरावांनी विचारलं, "हात?" मामाने खांबचं सगळं सांगितलं. टॉम्या, झाड, बोटं, शिव्या. काही वाढवून नाही, कमी करून नाही. एक म्हातारा पंच तर डोळे पुसायला लागला. हैबतराव उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलले, "जावई शोभलास. सरू, कपडे भर गो पोरी."

सरू बाहेर आली. मनगट बरं झालंय, पण वाकडं बसलंय. मी तिला दोन महिन्यांनी बघत होतो. मला वाटलं ती रडेल. तिने माझा फुटलेला ओठ बघितला, बोटं बघितली, अगदी जवळ येऊन.

"लय मारला तुमाला," बोलली.

"तुझ्यासाठी खाल्ला गो."

"आनि हात उचलला नाय."

"नाय! विचार मामाला. वाटलं होतं उचलेन. पण धरून ठेवला."

"तीन जनं मारत व्हती तरी."

"तीन जनं मारत होती तरी!"

मग ती हळू आवाजात, जशी भाकरी वाढू का विचारते तशी, बोलली, "पाच वरसं मी सगळ्यांना सांगत आले, त्यांच्या हातात नाय. आईला सांगितलं. डॉक्टरला सांगितलं. पोट गेलं तवा माझ्या मनाला पन तेच सांगितलं. नायतर मी जगले नसते. आज कळलं. तुमच्या हातात व्हतं. सगळ्या येळेला व्हतं."

मला काही समजेना. मी बोललो, "सरू, मी जिंकलो ना?"

"व्हय. जिंकलात. मला जे बगायचं व्हतं ते बगितलं. मी येनार नाय."

हैबतराव ओरडले, "पोरी, शब्द दिलाय मी पंचांत!"

"शब्द तुमी दिलात, बाबा. मी काय ते बोलेन, एवढंच बोलले व्हते."

ती वळली, आत गेली, आणि कडी लावली. मामा खाली बघत होता.

मी दारापाशी गेलो. हैबतरावांनी मागून माझा दंड धरला, "दिनानाथ, ऐक, मी समजावतो तिला," असं काहीतरी बोलत. मी गर्रकन वळलो आणि माझा हात उठला. मूठ वळलेली, म्हाताऱ्याच्या तोंडासमोर. बायका किंचाळल्या. कोणी पुढे झालं नाही, कोणी मला धरलं नाही. आजूबाजूला झाडही नव्हतं.

पांढरं झालं नाही. सगळं स्वच्छ दिसत होतं, त्यांच्या पांढऱ्या मिशा, कपाळावरचा गुलाल, मिटलेले डोळे. माझी मूठही दिसत होती. मी ती उघडली आणि हात खाली घेतला.

काही जोर लागला नाही.